दिनविशेष : ३ डिसेंबर १९२७ – अंध विलीचा हुंकार

टेक्सासमधील डॅलस येथे कोलंबिया कंपनीने ब्लाइंड विली जॉन्सन यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले, तो आजचा दिवस. रस्त्याच्या कडेला उभे राहून ब्लूजच्या वळणाने भक्तिगीते गाणारा हा कृष्णवर्णीय अंध कलावंत. त्या दिवशीच्या सहा मुद्रणांपैकी ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये शब्दच नाहीत. स्लाइड गिटारची तार विव्हळते आणि जॉन्सन नुसते गुणगुणतात, हुंकारतात. सूर कुठे तारेचा अन् कुठे गळ्याचा, हे काही क्षण कळेनासे होते. साडेतीन मिनिटांच्या आतली ही कारुण्याची पराकाष्ठा आहे.

१९३० पर्यंत त्यांची तीस गाणी मुद्रित झाली, पुढे एकही नाही. बोमाँट गावातले घर आगीत जळाल्यावर ते त्याच पडक्या अवशेषांत राहिले. १८ सप्टेंबर १९४५ रोजी हिवतापाने गेले.

१९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या सुवर्णतबकडीत ‘डार्क वॉज द नाइट’चे मुद्रण समाविष्ट झाले. त्या तबकडीवर जॉन्सन यांच्या लगेच आधी आहे आपल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. दोन्ही एकापाठोपाठ जरूर ऐका.