झेंडूचें फूल आणि आपले मृत



गेल्या नोव्हेंबरांत आपल्या तरुणांनीं देवळाच्या ओसरीवर मृतांच्या स्मरणार्थ पायऱ्यांची एक मांडणी केली. तीवर छायाचित्रें, मेणबत्त्या, कातरलेला पतंगी कागद आणि जालन्याच्या बाजारांतून आणलेल्या झेंडूच्या माळा होत्या. मेक्सिको देशांतील चाल पाहून त्यांनीं ती रचिली होती. कित्येक वडीलधाऱ्यांस ती रुचली नाहीं. झेंडू हें दसऱ्याचें फूल, तें आपल्या मृतांपुढें कशाला, असा त्यांचा आक्षेप.

परंतु झेंडू मूळचा ह्या भूमीचा नव्हेच, तो मेक्सिकोचा. तेथील नाहुआत्ल भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थ 'वीस फुलें' असा आहे, आणि फ्रान्सिस्कन संन्यासी बेर्नार्दिनो दे साहागुन ह्यांनीं सोळाव्या शतकांतील आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली आहे. स्पेननें १५२१ सालीं तेथील राजधानी जिंकली. १५२४ सालीं बारा फ्रान्सिस्कन तेथें पोहोंचले. पुढें त्या लोकांचे मृतांचे जुने उत्सव २ नोव्हेंबरच्या सर्व मृतात्म्यांच्या स्मरणदिनाशीं येऊन मिळाले. हा दिन क्लुनीचे मठाधिपति संत ओदिलो ह्यांनीं सुमारें ९९८ सालीं आपल्या मठांत सुरू केला होता. तेथील घरोघरीं आजही वेदी मांडितात. तीवर पाणी, मीठ, पाव आणि साखरेच्या कवट्या ठेवितात, आणि झेंडूच्या पाकळ्यांनीं वाट आंखितात. राखेच्या बुधवारीं कपाळास राख लावून घेणाऱ्यांनीं त्या कवट्यांस भिऊं नये!

मृत जेवावयास येतात, असें आपण मानीत नाहीं. आपण त्यांच्यासाठीं मिस्सा अर्पितों. हा भेद राखिलाच पाहिजे. पण आदर दाखविण्याच्या रीतींविषयीं रोमनेंही आपला निर्णय बदलला आहे. पूर्वजांसंबंधींच्या ज्या चिनी विधींवर १७४२ सालीं कडक बंदी घातली होती, त्यांपैकीं केवळ आदरार्थ असलेल्या रीतींस ८ डिसेंबर १९३९ रोजीं मोकळीक मिळाली.

झेंडू मात्र युरोपीय जहाजांतून समुद्र ओलांडून केव्हांच आपल्या शेतांत रुजला होता.

हें मला उशिरां कळलें. दीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षीं एका म्हातारीनें मुलाच्या थडग्यावर वाहिलेला झेंडूचा हार मीं काढावयास लाविला. तिनें तो मुकाट्यानें उचलून पदरांत घेतला. आतां तिचेंही थडगें त्याच्याच शेजारीं आहे. गेल्या २ नोव्हेंबरला तरुणांच्या मांडणींतील एक माळ मीं तेथें नेऊन ठेविली.