लाटमापक, विद्युत्

पाण्याच्या पृष्ठभागाच्या बदलत्या पातळीचे विद्युत् दाबात रूपांतर करून तिची सलग नोंद घेणारे उपकरण. लाटेचे शिखर आणि लगतचा खळगा यांतील उभे अंतर म्हणजे तिची उंची. मापक ती थेट मोजत नाही. एका जागी पाणी किती वर-खाली झाले एवढेच सांगतो. म्हणून लाटेच्या आकड्याची विश्वासार्हता उपकरणाच्या किमतीपेक्षा कॅलिब्रेशन (विद्युत् दाब आणि पातळी यांचे नाते ठरवणे) आणि मापकाची जागा यांवर अवलंबून असते. पुण्याजवळच्या खडकवासल्यातील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून चाचण्या घेतात. १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत समुद्रातील ३ मी. उंचीची लाट ३ सेंमी. भरते, तेथे १ मिमी.ची चूक म्हणजे प्रत्यक्षातली १० सेंमी.ची.

रोध प्रकारच्या मापकात दोन समांतर तारा पाण्यात उभ्या असतात. बुडालेली लांबी वाढली की त्यांच्यातील विद्युत् संवाहकता त्याच प्रमाणात वाढते. तारांवर विद्युत् विच्छेदन होऊ नये म्हणून प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. मात्र पाण्याची संवाहकता दर अंश सेल्सियसला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. सकाळी कॅलिब्रेशन केले आणि दुपारपर्यंत पाणी ५ अंशांनी तापले, तर ३ मी.ची लाट ३.३ मी. दिसेल. धारिता प्रकारात निरोधक आवरणाची तार आणि सभोवतालचे पाणी मिळून धारित्र बनते. त्यावर संवाहकतेचा परिणाम नगण्य असतो. पण पाणी उतरताना आवरणाला चिकटलेला पातळ थर खळगा उथळ भासवतो. म्हणून तार स्थिर पाण्यात ठरावीक अंतराने वर-खाली करून विद्युत् दाब आणि पातळी यांचे नाते चाचणीआधी व नंतरही तपासावे लागते.

पाण्याला न शिवणाऱ्या श्राव्यातीत संवेदकामुळे ही खटपट कालबाह्य ठरते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु उभ्या चढाच्या लाटेवरून प्रतिध्वनी भलतीकडे जातो, आणि ध्वनीचा वेगही हवेच्या तापमानानुसार बदलतो. तळाशी ठेवलेल्या दाबमापकापर्यंत आखूड लाटांचा दाब पोहोचतच नाही. शिवाय जागेचा प्रश्न कोणत्याही संवेदकाने सुटत नाही. भिंतीवरून पूर्ण परावर्तन झाले, तर एका ठिकाणी लाट दुप्पट आणि तेथून पाव तरंगलांबीवर जवळपास शून्य भरते. येणारी आणि परतणारी लाट वेगळी करण्यासाठी एका रेषेत किमान दोन, शक्यतो तीन मापक लावतात.

लाटांचे मोजमाप केवळ समुद्रापुरते नाही; छत्तीसगडसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या राज्यातही हा विषय गैरलागू ठरत नाही. रायपूरच्या दक्षिणेस महानदीवर गंगरेलचे मातीचे धरण आहे. अशा धरणाचा माथा ठरवताना वाऱ्याने उठलेली लाट उतारावर किती चढेल हे धरावे लागते. लाटेची उंची सहसा वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि मोकळ्या पाण्याची लांबी यांवरून सूत्राने काढतात. सूत्रे पुरेशी असतील तर मापक कशाला, असेही विचारता येईल. पण सूत्रांतील स्थिरांक अखेर मोजमापांतूनच आलेले असतात. त्यामुळे कॅलिब्रेशनची नोंद आणि मापकाची जागा यांशिवाय दिलेला लाटेच्या उंचीचा आकडा अभिकल्पासाठी ग्राह्य धरू नये.