दोन तास आधी : एका सूचनेचा इतिहास, व्हाया गोंदिया

विमानाच्या तिकिटावर सगळ्यात कमी वाचली जाणारी आणि घराघरात सगळ्यात जास्त भांडणं लावणारी ओळ कोणती? "प्रवाशांनी किमान दोन तास आधी विमानतळावर पोचावे." मुंबई-पुण्यातले लोक या ओळीवर वाद घालतात. एक तास पुरतो की दोन, कॅब कधी बोलवायची वगैरे. आमच्या गोंदियात हा वाद फारसा नव्हताच. नागपूरहून सकाळचं विमान असेल तर माणूस आदल्या दिवशीच नागपूरला कोणा नातेवाइकाकडे मुक्कामी. दीड तासाचं उड्डाण आणि त्यासाठी एक अख्खी रात्र!

हे असं का, म्हणून या शनिवारी शोधायला बसलो, तर गाडी थेट १८८० च्या दशकात जाऊन थांबली. तर मंडळी, आजचा विषय : वेळेत पोचणे.

गोंदियाला घड्याळ दाखवलं ते रेल्वेने. नागपूर ते राजनांदगाव ही मीटरगेज लाईन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि ही लाईन ब्रॉडगेज झाली. धानाच्या बांधावर सूर्य बघून वेळ ठरवणाऱ्या मुलखात पहिल्यांदाच मिनिटाला किंमत आली. आता यातली एक मजा बघा. त्या काळी देशातल्या बहुतेक रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायच्या. नकाशा काढून पाहा, गोंदिया आणि मद्रास जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, दोन्ही ८० अंशांच्या किंचित पुढे. म्हणजे मुंबईकराला रेल्वेची वेळ परकी वाटत होती, तेव्हा गोंदियाचा सूर्य आणि स्टेशनाचं घड्याळ जवळपास जुळत होते. १९०६ मध्ये साडेब्याऐंशी अंशांवरची भारतीय प्रमाणवेळ आली आणि आमचा सूर्य घड्याळाच्या नऊ मिनिटं मागे पडला. मुंबईचा तर जवळपास ३९ मिनिटं! म्हणून मुंबईने कितीतरी वर्षं आपली वेगळी वेळ सोडली नव्हती.

पुढे जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन आली, गोंदिया जंक्शन झालं आणि लोक दुसरा धडा शिकले. एक गाडी पकडायची असेल तर फक्त तिचीच वेळ बघून चालत नाही. आधीची गाडी किती उशिरा येऊ शकते तेही बघावं लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बफर म्हणतो आणि मीटिंगमध्ये त्यावर तासभर बोलतो. छोट्या लाईनवरची माणसं शिदोरी जास्तीची बांधून तो प्रश्न सोडवायची. :)

आता विमानाकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं की गोंदियाचा विमानतळ अलीकडचा. तसं नाहीये. कामठ्याजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. म्हणजे गोंदिया जिल्हा व्हायच्या (१ मे १९९९) एकोणसाठ वर्षं आधी इथे विमान उतरू शकत होतं. पण ती लढाईची सोय होती, प्रवाशांची नाही. लढाई संपली आणि गावकऱ्यांसाठी उरली ती एक लांबच लांब सपाट जागा.

प्रवाशांची विमानं होती नागपूरला. आणि काय विमानं होती! ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. आज ज्याला हब म्हणतात ते हेच. एकाला उशीर झाला की चौघांचा खोळंबा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही सेवा चालली. गोंदियाहून रेल्वेने नागपूर १३० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे देशाचं टपाल जिथे मिनिटावर चालायचं ते ठिकाण आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि आमची स्वतःची धावपट्टी रिकामी.

बरं, मग हे "दोन तास" आले कुठून? सुरुवातीच्या काळात विमानात बसणं हे बसमध्ये बसण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. तिकीट दाखवा, सामान तोला, चालत जा आणि बसा. झडती वगैरे भानगड नाही. मग ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाईन्सचं 'गंगा' हे फोकर विमान श्रीनगरहून निघाल्यावर लाहोरला पळवून नेलं आणि नंतर जाळलं. जगभर तेव्हा अपहरणांची लाटच होती. अमेरिकेने जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे सप्टेंबर १९७६ मध्ये आणखी एक विमान लाहोरला गेलं, त्यावर पांडे समिती बसली आणि जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा वेगळा कक्ष निर्माण झाला. ही झाली झडतीची रांग.

सामानाचा नियम याहून दुःखद आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. तेव्हापासून बॅग आणि माणूस यांची जोडी जुळवणं हा जगभरचा कडक नियम झाला. काउंटर तासभर आधी बंद होतो त्यामागे हेही एक कारण आहे. तुम्ही ऐनवेळी आला नाहीत तर पोटात चढवलेली तुमची बॅग शोधून खाली उतरवावी लागते. १९८७ मध्ये तो सुरक्षा कक्ष स्वतंत्र खातं झाला. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ कंदाहारला गेलं आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळांवर सीआयएसएफ यायला लागली.

थोडक्यात काय, दोन तासांतलं एकेक मिनिट कुणीतरी जीव देऊन वाढवलेलं आहे. काउंटरवरच्या पोरीशी भांडताना हे आठवलं तर बरं.

पण गोंदियाकराचा हिशोब एवढ्यावर संपत नाही. रेल्वे लेट होऊ शकते, नागपूर स्टेशनवर ऑटोवाला अडवू शकतो, मग विमानतळाची रांग. प्रत्येक टप्प्याला आपापला बफर, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे ती एक रात्र. इथे सरासरी कामाची नाही. गाडी दहापैकी नऊ वेळा वेळेवर येते याचा उपयोग नाही, दहाव्या वेळचं तिकीट बुडतं. माणूस सर्वांत वाईट दिवस धरूनच घरून निघतो.

बिरसीचं पुढे बदललं. २००५ च्या अखेरीपासून विमानतळ प्राधिकरणाकडे आलं. त्या सुमारास गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री होते. धावपट्टी वाढली, वैमानिक शिकवणारी संस्था आली आणि गावावर छोटी विमानं घिरट्या घालू लागली. याची दुसरी बाजूही लिहायला हवी. विस्तारात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या बिरसीकरांचा पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. विमानासाठी सगळ्यांनी दोन तास आधी पोचायचं, आणि त्यांचा मोबदला मात्र कधीही पोचला तरी चालतो!

१३ मार्च २०२२ ला 'उडान' योजनेखाली फ्लायबिगचं इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झालं. काय तो उत्साह! त्याच वर्षी ते बंदही पडलं. मग १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोने हैदराबाद-गोंदिया-तिरुपती सुरू केलं. शहरातून बिरसी अर्ध्या तासावर. कागदावर रात्रीचा प्रश्न सुटला.

कागदावर म्हणतो, कारण दिवसाला एखादंच विमान असेल तर चुकलं की पुढचं थेट दुसऱ्या दिवशी. आणि सेवा सुरू होऊन बंद पडलेली लोकांनी एकदा पाहिली आहे. आमच्याकडे अंत्यविधीला 'माती' म्हणतात. हैदराबाद-पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रत्येक पोराच्या मनात एक न बोललेला प्रश्न असतो, की घरून तसा फोन आला तर मी मातीला पोचेन का? शेजारीपाजारी पण तेच विचारतात, "लेकरू पोचलं का?" माती फार वेळ थांबवत नाहीत. तिथे अडीच तासांचा फरक हा फक्त सोयीचा फरक नसतो.

म्हणून मला वाटतं, गावाला विमानतळ असणं ही अर्धीच गोष्ट आहे. बिरसीला तो १९४० पासून आहेच. लोक आपला बफर कमी करतात ते भरवसा बसल्यावर, उद्घाटनाच्या फितीवर नाही. ज्या दिवशी गोंदियाची माणसं विमानासाठी खरोखर फक्त दोन तास आधी घरून निघतील, त्या दिवशी विमानतळ सुरू झाला असं मी समजेन.