प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि पदोन्नती : वेळेत माहीत असायला हवे असे काही

१९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. लंडनमधले अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. आज पुढे शिकण्यासाठी कायम प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागत नाही. प्रशिक्षण, रजा आणि त्यावर आधारित पदोन्नती यांची तरतूद नियमांत आहे. पण घरातली पहिलीच पिढी प्राध्यापक झालेली असते, तेव्हा हे नियम सांगणारे कोणी नसते.

तालुक्याच्या गावी शिकवणारे एक सहायक प्राध्यापक आमच्याकडे आले होते. नोकरीची वर्षे पूर्ण होती, पण उजळणी वर्ग राहिला होता. "तास कोण घेणार?" असे म्हणून महाविद्यालयाने दोनदा परवानगी नाकारली होती. वर्ग उशिरा झाला आणि पदोन्नतीची तारीखही तितकीच पुढे गेली. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कोणता वर्ग केव्हा लागतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयाने लागू केले. सहायक प्राध्यापक लेव्हल १० वर (मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून) रुजू होतो. लेव्हल ११ साठी (६८,९०० पासून) पीएच.डी. असल्यास ४ वर्षे, एम.फिल. असल्यास ५ आणि दोन्ही नसल्यास ६ वर्षे सेवा लागते. त्यासोबत २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि एक उजळणी वर्ग, संशोधन पद्धतीचा वर्ग किंवा त्यास समकक्ष अभ्यासक्रम हवा. नव्या शिक्षकांसाठी 'गुरु-दक्षता' हा महिनाभराचा कार्यक्रमही आहे.

लेव्हल १२ साठी पुढील ५ वर्षांत किमान दोन आठवड्यांचे दोन वर्ग लागतात. सहयोगी प्राध्यापक (लेव्हल १३ए, मूळ वेतन १,३१,४०० पासून) होण्यासाठी त्यानंतरची ३ वर्षे, एक वर्ग आणि पीएच.डी. या गोष्टी आवश्यक आहेत.

पात्रतेची एखादी अट उशिरा पूर्ण झाली, तर पदोन्नती त्या उशिराच्या तारखेपासून मिळते. मधल्या काळाचा वेतनातला फरक भरून निघत नाही.

वर्ग कुठे होतात?

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. त्यांचीच पुढे मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत ही केंद्रे आहेत. बरेच वर्ग आता ऑनलाइन होत असल्याने गाव सोडण्याचा खर्च वाचतो. अल्पमुदतीच्या वर्गांत विद्यार्थ्यांतील विविधता व सर्वसमावेशक शिक्षण हाही एक विषय आहे. वर्गात पहिल्या पिढीची मुले असणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो घ्यावा, असे आम्हाला वाटते.

रजा मागता येते

अशा वर्गांसाठी शैक्षणिक वर्षात कमाल ३० दिवसांची कर्तव्य रजा देता येते. किरकोळ रजा खर्च करण्याची गरज नाही. तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर संशोधनासाठी अभ्यास रजाही मागता येते. ती आधी २ वर्षे आणि नंतर आणखी १ वर्ष, अशी वाढते. अर्ज नेहमी लेखी करावा आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे काय?

खरी अडचण इथे आहे. कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर निवड रीतसर समितीने केलेली असावी लागते आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे लागते. तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्याला दुसरी अट पूर्ण करताच येत नाही. दहा वर्षे शिकवूनही तो पहिल्याच पायरीवर असतो. विद्यार्थी मात्र दोघांपुढे सारखेच बसलेले असतात. ही अट बदलण्याची मागणी शिक्षक संघटनांनी आणि समाजानेही लावून धरली पाहिजे.

तोवर हाती असलेले सोडू नये. 'स्वयम्' या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रम सर्वांना खुले आहेत. किमान तीन सत्रे शिकवलेल्या कंत्राटी शिक्षकांनाही उद्बोधन व उजळणी वर्गांना प्रवेश देण्याची तरतूद आयोगाने केलेली होती. त्यामुळे जवळच्या केंद्रात चौकशी जरूर करावी.

आजपासून करायचे

रुजू झाल्याची तारीख, प्रत्येक वर्गाचे प्रमाणपत्र, रजेचे अर्ज आणि पोच एका फाइलमध्ये ठेवा. पात्रतेच्या तारखेआधी किमान दोन वर्षे वर्गासाठी अर्ज करा. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला आहे, म्हणून अर्जाच्या वेळी कोणते नियम लागू आहेत ते तपासा. आणि ज्येष्ठ प्राध्यापकांना आमची विनंती : आपल्या विभागात नव्याने आलेल्या एका तरी शिक्षकाला हे सारे समोर बसवून सांगा.

जय भीम.