कोलचेस्टर नगरी आणि पाली वाङ्मयाचे ऋण

इंग्लंडच्या पूर्वेस एसेक्स परगण्यात कोलचेस्टर हे प्राचीन नगर आहे. रोमन अंमलात ते कॅम्युलोडुनम या नावाने प्रसिद्ध होते. २०२२ साली त्यास शहराचा अधिकृत दर्जा मिळाला. तेथील किल्ल्याची व रोमन तटबंदीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आम्हांस या नगरीशी निगडित तीन माणसे अधिक मोलाची वाटतात.

पहिला जॉन बॉल. हा ख्रिस्ती धर्मोपदेशक स्वतःस कोलचेस्टरचा रहिवासी म्हणवीत असे. निसर्गतः सर्व माणसे समान आहेत, दास्य हे माणसानेच माणसावर अन्यायाने लादले आहे, असे तो सांगे. त्यासाठी त्याने बहिष्कार व तुरुंगवास भोगला. १३८१ च्या शेतकरी उठावात बंडकऱ्यांनी त्यास मुक्त केले. परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये त्यास देहान्त शासन झाले. वासेट्ठ सुत्त ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा विचार परका वाटणार नाही.

दुसरा विल्यम गिल्बर्ट (१५४४–१६०३). हा राणी एलिझाबेथचा राजवैद्य. लसणाच्या स्पर्शाने लोहचुंबकाची शक्ती नष्ट होते, असे जुन्या ग्रंथांत लिहिलेले होते व विद्वान ते प्रमाण मानीत. गिल्बर्टने स्वतः प्रयोग करून ते खोटे ठरविले. पृथ्वी हीच एक महान लोहचुंबक आहे, असे त्याने १६०० सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हा भगवान बुद्धांचा कालामांना केलेला उपदेश येथे सहजच आठवतो.

तिसरे थॉमस विल्यम ऱ्हिस डेव्हिड्स. यांचा जन्म १८४३ साली कोलचेस्टर येथे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८६४ मध्ये ते मुलकी अधिकारी म्हणून सिंहलद्वीपास गेले. गाले येथे न्यायदानाचे काम करीत असताना एका खटल्यात पाली भाषेतील कागद पुराव्यादाखल पुढे आला. तो वाचता येईना, म्हणून त्यांनी यात्रामुल्ले नावाच्या भिक्खूंजवळ पालीचे अध्ययन आरंभिले. राज्यकर्त्यांचा अधिकारी जित देशातील भिक्खूंचा शिष्य झाला, ही गोष्ट आम्ही विसरता कामा नये.

पुढे नोकरी सुटली, परंतु पाली सुटली नाही. १८८१ मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर ६४ ग्रंथ ९४ खंडांत छापून झाले होते. त्यांच्या पत्नी कॅरोलाइन यांनी हे कार्य पुढे चालविले. १९०३ च्या ‘बुद्धिस्ट इंडिया’ या ग्रंथात त्यांनी प्राचीन भारताचा इतिहास ब्राह्मणी दृष्टीने सांगण्याचे नाकारले.

या छापील ग्रंथांचे मोल आमच्या समाजाने विशेष जाणले पाहिजे. ज्या देशात बाल भीमरावास अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्या देशात पाली सुत्ते मात्र जात न विचारता कोणाच्याही हाती पडू शकत होती. पूज्य बाबासाहेबांनी ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ या लेखनात दीघनिकायाचा आधार घेतला व पाली शब्दकोशही सिद्ध केला.

आमच्यापैकी काही जण म्हणतात, धम्म आम्हांस युरोपीयांनी परत दिला. इतर म्हणतात, साम्राज्याच्या चाकरांचे उपकार कशाला मानावयाचे? आमच्या मते दोन्ही मते अपुरी आहेत. त्रिपिटक शतकानुशतके भिक्खुसंघाने जपले. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी ते जगापुढे उघडे केले. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ते लक्षावधी माणसांच्या जीवनाशी जोडले. यांपैकी एकही दुवा निखळला असता तर आमची वाट अधिक बिकट झाली असती.

हे ऋण पुतळे व जयंत्या यांनी फिटणारे नाही. प्रत्येक विहारात पालीचा एक वर्ग नियमित चालावा आणि उपासकाने एक तरी सुत्त मुळातून वाचावे, हाच त्याच्या परतफेडीचा मार्ग होय.