वाघानेच ओढलेली तार

निसर्ग छायाचित्रणाचा आनंद हाती आलेल्या फोटोत असतो, असं आपण गृहीत धरतो. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचं काम मात्र वेगळं सांगतं. ब्रिटिशकाळातल्या संयुक्त प्रांतातले हे वनाधिकारी १९२०च्या दशकात वाघाच्या वाटेवर बारीक तार आडवी बांधत. रात्री वाघाचा पाय तिला लागला की फ्लॅशची पूड भडके आणि फोटो निघे. एका रात्री एकच संधी. ती एखाद्या दुसऱ्याच जनावराने तार ओढून संपवली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ साली आलं, तेव्हा वाघ म्हणजे शिकार हेच समीकरण रूढ होतं.

फोटो काढताना माणूस हजरच नसेल तर श्रेय त्याचं कसं, असा आक्षेप घेता येईल. पण तार कुठे बांधायची हे पाऊलखुणा वाचल्याशिवाय ठरत नाही, आणि माझ्या मते खरी कमाई त्या वाचनातच होती. अशा जागी मिळालेल्या फोटोंतूनच प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरून तो ओळखता येतो, हे चॅम्पियन मांडू शकले. अचानक पडणाऱ्या झगझगीत उजेडाने जनावर दचकतं, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मान्यच करायला हवा. तरी बंदुकीपुढे उभ्या असलेल्या वाघासारखा न मरता दचकलेला वाघ जिवंत परत जात होता. पुढे १९९०च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपने (जनावर समोर आलं की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्याने) टिपलेल्या पट्ट्यांवरूनच वाघांच्या संख्येचा अंदाज बांधला.