‘बिनखवल्यांच्या माशांना अर्धा डोस’: हा अर्धा आला कुठून?

पनवेलमधल्या कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात जा आणि “माशांना पांढरे ठिपके आलेत” एवढंच सांगा. दुकानदार पुढचं काही न विचारता निळ्या किंवा हिरव्या औषधाची छोटी बाटली पुढे सरकवतो. बाटलीवर लिहिलेलं असतं, इतक्या लिटरला इतके थेंब. त्याखाली, बऱ्याचदा आणखी बारीक अक्षरांत, बिनखवल्यांच्या आणि नाजूक माशांना अर्धा डोस.

विज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायची तयारी करत असाल तर माझं एक ऐका. या ओळीसारखी ओळ दिसली की थांबायचं. अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? मूळ पूर्ण आकडा कोणी काढला, कुठल्या माशावर, कुठल्या पाण्यात? आज आपण या एकाच आकड्याचा माग काढू. हा नुसता बौद्धिक खेळ नाही. आकडा चुकला तर टाकीतले मासे रोगाआधी औषधानेच मरतात आणि मालक म्हणतो, “रोग फार वाढला होता हो.”

आधी रोग. पांढरे ठिपके पाडणारा जीव एकपेशीय आहे. 1869 मध्ये हिल्गेनडॉर्फ आणि पाउलिकी या दोघांनी गोड्या पाण्यातल्या माशांच्या त्वचेवरचा परजीवी म्हणून त्याचं वर्णन केलं. हिल्गेनडॉर्फ तेव्हा हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयाचे प्रमुख होते, हे लक्षात ठेवा. नदीतल्या माशाला हा रोग होतच असणार, पण आजारी मासा नदीत कोणाला दिसतो? काचेची टाकी आली, रोज तोच मासा डोळ्यांसमोर आला आणि रोग ‘दिसायला’ लागला. मग 1876 मध्ये फूके या फ्रेंच संशोधकाने त्याला नाव दिलं, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. पहिल्या शब्दाचा अर्थ माशाची ऊ, दुसऱ्याचा पुष्कळ लेकरांचा. आपल्याकडे शौकीन लोक त्याला नुसतं ‘इक’ म्हणतात.

हे ‘पुष्कळ लेकरं’ प्रकरण नीट समजून घ्या, कारण उपचाराचं सगळं गणित त्यात आहे. ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून खाणारा परजीवी. पोट भरलं की तो माशाला सोडतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकाची शेकडो, कधी हजारावर पिल्लं होतात. ती फुटून बाहेर येतात आणि पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती संपतात. पाण्यात टाकलेलं औषध मारतं ते मुख्यतः या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखाली बसलेला परजीवी जवळजवळ सुरक्षित असतो, कवचातलाही बराचसा. म्हणून “औषध टाकलं तरी ठिपके तसेच आहेत” म्हणून दुसऱ्या दिवशी डोस दुप्पट करणं म्हणजे ज्याच्यापर्यंत औषध पोहोचतच नाही त्याच्यासाठी माशाला विष देणं.

हे चक्र किती दिवसांचं, ते तापमानावर ठरतं. 24-25 अंशांना साधारण आठवड्याच्या आत, 10 अंशांना महिन्याहून जास्त. थंड देशातल्या पुस्तकात उपचाराचे दिवस वेगळे दिसतात ते यामुळे.

1893 ला शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरलं (विवेकानंदांची सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झाली), तिथल्या मत्स्यालयातही हा रोग पसरला. चार्ल्स स्टाइल्स यांनी त्यावर अमेरिकेच्या मत्स्य आयोगासाठी अहवाल लिहिला. ठिकठिकाणचे मासे एका छताखाली आणायचे आणि मग रोगाशी झगडायचं, ही गोष्ट तेव्हापासून चालू आहे. कुर्ल्याच्या होलसेल बाजारातून पिशव्यांमधून मासे पनवेलला येतात तेव्हाही वेगळं काही घडत नाही.

आता औषध. इथे गोष्ट मत्स्यशास्त्रातून निघून कापडाच्या रंगांकडे जाते. मिथिलीन ब्लू 1876 चा, मॅलाकाइट ग्रीन त्याच दशकातला. दोन्ही जर्मन रंगउद्योगाची अपत्यं. मॅलाकाइट ग्रीनमध्ये मॅलाकाइट हे खनिज अजिबात नसतं, फक्त रंग तसा दिसतो. 1891 मध्ये पॉल एर्लिक यांनी गुटमान यांच्यासोबत मिथिलीन ब्लू मलेरियाच्या रुग्णांना दिलं आणि रंग हे औषध होऊ शकतं ही कल्पना रुजली. 1936 मध्ये फॉस्टर आणि वुडबरी यांनी मॅलाकाइट ग्रीन माशांवरच्या बुरशीसाठी सुचवलं. 1972 मध्ये लेटो आणि मेयर यांनी मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांचं मिश्रण व्हाइट स्पॉटवर मांडलं. लिटरमागे सुमारे 0.1 मिलिग्रॅम मॅलाकाइट ग्रीन आणि 25 पीपीएम फॉर्मॅलिन. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक बाटल्या या जोडीच्या नातवंडं-पतवंडं आहेत.

या आकड्यांचा प्रवास बघा. पहिली अडचण एककांची. जुन्या पुस्तकांत ‘10 गॅलनला 1 मिली फॉर्मॅलिन’ असा हिशोब सापडतो. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 लिटरचा. पहिला धरला तर सुमारे 26 पीपीएम, दुसरा धरला तर 22. आपल्याकडे दोन्ही परंपरांची पुस्तकं आली आणि ‘गॅलन’ हा शब्द तेवढा एकच राहिला. शिवाय हे 25 पीपीएम बाजारातल्या 37 टक्क्यांच्या द्रावणाचे आहेत, शुद्ध फॉर्मल्डिहाइडचे नाहीत. हे वाक्य गाळलेली नोंद वाचून कोणी डोस काढला तर तो जवळजवळ तिप्पट होतो. आपल्या टाक्या तर फुटांत विकल्या जातात. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी कागदावर 56 लिटरची, पण वरची रिकामी जागा आणि खालची खडी वजा करा, पाणी 45 लिटरच्या आसपास भरतं. थेंब 56 चे टाकले की डोस आपोआप पंचवीस टक्के वर.

दुसरी अडचण हवेची. तलावांसाठीच्या जुन्या मार्गदर्शकांत एक ठोकताळा आहे, दर 5 पीपीएम फॉर्मॅलिनमागे पुढच्या दीडएक दिवसात पाण्यातला 1 पीपीएम ऑक्सिजन जातो. म्हणजे 25 पीपीएमला 5. पंधरा अंशांच्या पाण्यात मुळात 10 पीपीएम ऑक्सिजन मावतो. पनवेलच्या उन्हाळ्यात पाणी 30 अंशांना गेलं की मावतो फक्त साडेसात. वजाबाकी तुम्हीच करा. ठोकताळा तलावाचा आहे, पंप जोरात चालू असलेल्या टाकीत इतकी घट होणार नाही, मान्य. पण लोडशेडिंग झालं तर? त्यात मॅलाकाइट ग्रीन उष्ण पाण्यात जास्त विषारी ठरतं. थंड पाण्यातला आकडा कोकणात आला, तो आकडा तसाच राहिला आणि त्याच्या भोवतालचं तापमान मात्र मूळ कागदातच राहून गेलं.

आता त्या ‘अर्ध्या’कडे येऊ. नेहमीचं स्पष्टीकरण असं असतं की खवले हे चिलखत, ते नसेल तर औषध आत शिरतं. ऐकायला पटतं. पण माशाचे खवले त्वचेच्या आतल्या थरात रुजलेले असतात आणि त्यांच्यावर जिवंत त्वचेचा थर असतो. पाण्यात विरघळलेल्या रंगाला खवले अडवत नाहीत. औषधाला आत जायला सर्वात मोठी वाट कल्ल्यांची, आणि ती सगळ्याच माशांना आहे. शिवाय ‘बिनखवल्यांच्या’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लोचना बारीक खवले असतात, आणि टेट्रा तर चांगला खवलेदार मासा, तरी तोही या यादीत. यादी अनुभवातून आली आहे आणि ती उपयोगी आहे. कारण मात्र मागाहून चिकटवलेलं दिसतं. संशोधनाची सवय लावून घेताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका, नाहीतर चुकीचं कारण खोडताना खरा अनुभवही फेकून दिला जातो.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, हा पश्चिम घाटातला मासा. सी. आर. नारायण राव यांनी 1920 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या तुंगा नदीतून त्याचं वर्णन केलं. कोल्हापूरकडच्या नद्यांतही तो सापडतो. शोभेचा मासा म्हणून तो परदेशीही जातो, आणि आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. हा मासा तळाशी राहतो, म्हणजे कवचं फुटतात तिथेच, आणि लोच जातीचे मासे व्हाइट स्पॉटला लवकर बळी पडतात. नदीतून पकडलेला असा मासा अंदाजाच्या थेंबांनी मारणं मला तरी परवडण्यासारखं वाटत नाही.

तांब्याबद्दल थोडं. खाऱ्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा परजीवी वेगळा. त्याला आजचं नाव ब्राउन यांनी 1951 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दिलं. योगायोगाने त्याच वर्षी मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. समुद्री माशांवर तांबं वापरतात हे ऐकून लोक ते गोड्या पाण्यातही टाकतात. तिथे तांब्याचं विष किती चढेल हे पाण्याच्या आल्कलिनिटीवर ठरतं. शेततळ्यांचा जुना नियम असा, आल्कलिनिटीला शंभराने भागा, तेवढे पीपीएम मोरचूद. आणि आल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर मोरचूद वापरूच नका. पनवेलमध्ये कोणाकडे धरणाचं नळाचं पाणी, कोणाकडे बोअरचं, कोणाकडे टँकरचं, आणि पावसाळ्यात हौशी लोक पागोळ्यांचं पाणी साठवून टाकीत ओततात. पावसाच्या पाण्यात आल्कलिनिटी जवळपास नसतेच. एकाच इमारतीतल्या दोन टाक्यांत तोच डोस एकीकडे निरुपयोगी आणि दुसरीकडे जीवघेणा ठरू शकतो.

मग नाजूक माशांचं करायचं काय? फूके यांच्या चक्राकडे परत या. आजारी मासे साध्या, बिनखडीच्या टाकीत हलवायचे. तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, 28-29 पर्यंत न्यायचं म्हणजे चक्र लवकर फिरतं, आणि हवेचा दगड जोरात चालू ठेवायचा. रोज तळ सायफनने ओढून काढायचा, कवचं त्याच्याबरोबर जातात. बदललेलं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. औषध वापरायचंच असेल तर मोजलेल्या लिटरवर, कमी डोसने सुरुवात, आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस पुढे. रंगाच्या दुकानातली सुटी पावडर तर नकोच, कापडासाठीच्या मॅलाकाइट ग्रीनमध्ये झिंकचा क्षार असू शकतो आणि झिंक माशांना घातक.

मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी कधीच वापरू नका. माशाच्या शरीरात त्याचं रंगहीन रूप दीर्घकाळ टिकतं. युरोपीय संघाने 2004 मध्ये ते शोधणाऱ्या चाचण्यांना किलोमागे 2 मायक्रोग्रॅमपर्यंतचं प्रमाण पकडता आलंच पाहिजे असं ठरवलं. आणि फॉर्मॅलिनचं नाव 2018 च्या जुलैत गोव्यातल्या मासळीच्या वादात सगळ्यांनी ऐकलंच आहे. दोन्ही हाताळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. उपचार संपल्यावर हिरवं पाणी थेट गटारात सोडायचं नाही. 1977 मध्ये बिल्स, मार्किंग आणि चँडलर यांनी मॅलाकाइट ग्रीनचं विषारीपण आणि टिकाऊपण तपासलं, तेव्हाच ते काढून टाकायला ॲक्टिव्हेटेड कार्बन कसा उपयोगी पडतो हेही तपासलं होतं. हाच कार्बन ॲक्वेरियमच्या दुकानात फिल्टरसाठी सुटा मिळतो, औषधाच्या बाटलीशेजारच्याच फळीवर.